उजव्या दाराचा स्पीकर

पावलिकेनी, १४ सप्टेंबर २०१९

गेंचो,

आधी कोंबड्यांना दाणे टाकले, मग अंगण झाडलं, मग मिरच्या भाजायचं विजेचं पिंप बाहेर काढून त्याची वायर खिडकीतून आत घेतली. रांगेल सायकलवर डिंक आणायला गेला होता. जाताना सांगून गेला की मोठ्या मिरच्या वर ठेव, खाली अडकतात. वीस वर्षं मिरच्या मीच भाजत होते, तरी दर सप्टेंबरला तो हे सांगायचाच. मी चादरी भिजत घातल्या, कॉफी उकळली आणि मधूनमधून दुकानात जाऊन तुझ्या स्पीकरांवर ठेवलेली वजनं सरकली नाहीत ना ते पाहून आले. तू दुपारी यायचा होतास. त्या दिवशी मिरच्यांचा एक घाणा पुरता करपला.

ही अकरा वर्षांपूर्वीची सकाळ. आज पुन्हा पिंप बाहेर काढलं आणि ती आठवली, म्हणून लिहायला बसले. फोन करणार होते, पण फोनवर तू गप्प बसशील आणि मी रडेन, त्यातून काय निघणार.

रांगेल, तुझा भाऊ, गेल्याचं मी फेब्रुवारीत कळवलं होतं. तू मातीला आला नाहीस. त्याबद्दल आज काही म्हणत नाही. येत्या १५ फेब्रुवारीला वर्ष होईल, शनिवार आहे. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, मग कबरीवर, मग घरी जेवण. गहू उकडून त्यात साखर आणि अक्रोड घालायचे, ते मी करीन. तू ये. त्याला रक्ताचं तुझ्याशिवाय कोणी नव्हतं. आम्हाला मूल झालं नाही हे तुला माहीत आहे, आणि सतराव्या वर्षी तू आमच्याकडे राहायला आलास तेव्हा तुझे मोजे कोण धूत होतं तेही.

दुसरं म्हणजे, दुकान आवरताना वरच्या फळीवर तुझे दोन्ही मिडबास सापडले. तू उंबऱ्यावर टाकून गेलास तेच, गाडीच्या दारात बसवायचे सोळा सेंटिमीटरचे स्पीकर. पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्रत्येक वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आहेत. खोक्यावर त्याच्या अक्षरात तुझं नाव आहे. झाकण उचलून पाहिलं आणि परत लावलं. त्यांचं काय करू ते सांग.

त्सोंका वहिनी


विदिन, २ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र मिळालं. तुझी तब्येत बरी असेल.

ते खोकं कचऱ्यात टाक. त्याने ते का जपलं ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. तू घरातलीच आहेस, पण बहुतेक तुला दादाने पूर्ण गोष्ट सांगितली नसेल, म्हणून मी सांगतो.

प्लेव्हेनच्या त्या गाडीतल्या आवाजाच्या स्पर्धेसाठी मी दोन वर्षं गाडी तयार केली होती. डिकीतल्या सबवूफरची पेटी मी स्वतः कापली, दारांची एक एक फट बुजवली. स्पर्धेच्या आठवड्यात दारातले दोन्ही मिडबास फाटले. दादाने म्हटलं आण, नवे करून देतो. मी दुपारी घेऊन गेलो आणि मैदानात पोचल्यावर बसवले. तपासले नाहीत. का तपासू? दादाचा लाल ठिपका होता. त्याचा नियम तुला पाठ आहे: बॅटरी लावायची, स्पीकरचा कागदी कोन बाहेर आला की बॅटरीचं प्लस टोक जिथे टेकलं तिथे ठिपका. पूर्ण प्लेव्हेन जिल्ह्यात तो ठिपका दिसला की कोणी दुसऱ्यांदा बॅटरी लावत नसे.

परीक्षक गाडीत बसला आणि आवाजातून खालचा भागच गायब. सबवूफर मागे धमधम करतोय आणि पुढे गाणाऱ्याला छातीच नाही, नुसतं डोकं गातंय. मी अॅम्प्लिफायर उघडला, तारा ओढल्या, सगळं पाहिलं. ठिपक्यावर मात्र संशय घेतला नाही. शेजारच्या गाडीतला लोव्हेचचा एक लठ्ठ माणूस म्हणाला, पोरा, गाडीत बायको बसवलीस का, सगळं गप्प केलंय. मैदानभर हशा. रात्री घरी एकेक स्पीकर काढून बॅटरी लावली. डावा बाहेर आला, उजवा आत गेला. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, दोघं मिळून शून्य.

चाळीस वर्षं स्पीकर दुरुस्त करणारा माणूस प्लस-मायनस विसरत नाही, वहिनी. मी त्याच्या तोंडावर म्हणालो की तुला माझं नाव झालेलं बघवलं नाही. तो एक शब्द बोलला नाही. ज्याची चूक नसते तो बोलतो.

वर्षाला येईन असं वाटत नाही.

गेंचो


पावलिकेनी, २० ऑक्टोबर

गेंचो,

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. त्याला उत्तर देईन, पण आज नाही. आज मला धंद्यातलं विचारायचं आहे, आणि दुसरं कोण सांगणार?

मी दुकान बंद केलेलं नाही. रांगेलला शेवटची पाच-सहा वर्षं बारीक दिसत नव्हतं, तेव्हा कॉइल भरणं आणि चिकटवणं मीच करत होते. खरं तर त्याच्या आधीपासून निम्मं काम माझंच होतं. शाळा माझी सातवीत सुटली, पण वाचनालयात या विषयावरची जी चार पुस्तकं होती ती सगळी वाचली, न कळलेली पानं परत वाचली. अजूनही जुन्या फोटोंच्या फिल्मच्या पट्ट्या कापून कॉइल आणि चुंबकाच्या मध्ये सरकवते, म्हणजे ती बरोबर मध्यावर राहते. डिंक दिवसभर वाळू देते, मग पट्ट्या काढते आणि पाच बोटांनी कोन सारखा दाबून कान लावते. घासल्याचा आवाज आला तर परत सगळं.

आता पावाची गाडी चालवणारा स्पास आला आहे. त्याच्या बारा इंची सबवूफरची कॉइल जळली. दुकानात आला तेव्हाच वास आला. मी म्हटलं भरून देते. तो म्हणतो, नको, आता पंधरा इंची हवा, आणि तोही अमुक इतक्या वॅटचा. मला ते योग्य वाटत नाही, पण का ते त्याला पटेल असं सांगता येईना. तो म्हणाला, मावशी, तुम्ही डिंक लावा, निवड मी करतो.

तू निवडीत तरबेज होतास. रांगेल म्हणायचा, दुरुस्ती मी करतो, पण कुठल्या गाडीत काय बसेल ते गेंचोला विचारा. तुला कधी सांगितलं नसेल.

इकडे हवा कुंद आहे. सकाळी धुकं, संध्याकाळी धुकं. मी दिवसाला एक पुस्तक संपवते आणि दुसऱ्या दिवशी त्यात काय होतं ते आठवत नाही.

त्सोंका


विदिन, १७ नोव्हेंबर

वहिनी,

स्पासला सांग, सबवूफर वॅट बघून घेत नाहीत, पेटीला जागा किती आहे ते बघून घेतात. पंधरा इंचीला मोठी पेटी लागते. ती बसवली तर पाव त्याला मांडीवर घेऊन विकावे लागतील. लहान पेटीत मोठा सबवूफर कोंबला की तो एकच सूर धरून बसतो आणि बाकीच्या गाण्याला ओळखत नाही. जुना बारा इंचीच भर. आणि त्याला विचार की तो जळला कसा. नव्वद टक्के लोक अॅम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. तेच केलं असेल तर नवाही महिनाभरात वास मारेल.

त्याच्या दारातले मिडबासही बघ. नवे घेण्याआधी दाराची भोकं बुजवायला सांग. उघड्या दारात कितीही चांगला स्पीकर लावला तरी आवाज दारातच मरतो.

हे लिहिताना बरं वाटलं. इथे मी बंदरावर क्रेनचं काम करतो, स्पीकरला हात लावून सहा वर्षं झाली. डाव्या कानाने आता फारसं ऐकू येत नाही. गाडी विकली.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मी आलो होतो. दादाच्या मातीच्या दिवशी मी सकाळच्या बसने आपल्या स्थानकावर उतरलो. समोरच्या खांबावर त्याचं शोकपत्रक लावलेलं होतं, तो गळ्याचं बटण लावलेला फोटो. मी वाचत उभा राहिलो. खाली शोकाकुल म्हणून तू लिहिलं होतंस: पत्नी, भाऊ. आमच्यात इतकं झाल्यावर तू मला त्यात घातलंस. बाकावर बसून राहिलो आणि परतीच्या बसने निघून आलो.

म्हणून विचारतो. शेवटी दादा माझ्याबद्दल काही बोलला का? अकरा वर्षांत एकदा जरी म्हणाला असता की चुकलं माझ्याकडून, तरी मी चालत आलो असतो. तो म्हणाला नसेल तर तसं लिही, म्हणाला असेल तर वर्षाला मी येतो. माझ्यासाठी गोड करून लिहू नको. तुझ्याकडून मी खोटं कधी ऐकलेलं नाही.

गेंचो


पावलिकेनी, १५ डिसेंबर

गेंचो,

तुझं पत्र आलं त्याला तीन आठवडे झाले. स्पासचं काम झालं, त्याने बटण खाली ठेवायचं कबूल केलं. तेवढं लिहून पत्र पाठवावं असं दोनदा मनात आलं. नाही पाठवलं.

मी पहिल्या पत्रात तुला त्या सकाळचं सगळं लिहिलं, एक सोडून.

डावा स्पीकर रांगेलने केला होता, उजवा मी. तो डिंक आणायला गेला तेव्हा उजव्याच्या तारांना सोल्डरचा डाग द्यायचा बाकी होता. तो म्हणाला, तू दे, गेंचो दुपारी येईल. मी डाग दिला. बॅटरी घ्यायला वळले आणि अंगणातून करपल्याचा वास आला. पिंपात मिरच्या जळत होत्या. मी म्हटलं, आधी ठिपका देऊन टाकते, बॅटरी मग लावते. ठिपका दिला आणि पळाले. पिंप थंड केलं, कोळसा झालेल्या मिरच्या फेकल्या, हात धुतले. तेवढ्यात तू अंगणात आलास, वहिनी काय जाळलंस म्हणून हसलास, ताटातली एक भाजलेली मिरची मीठ लावून उभ्या उभ्या खाल्लीस. बॅटरी राहिली. तुझ्या हातात खोकं मी दिलं.

तू स्पीकर उंबऱ्यावर टाकून गेलास, त्यानंतर रांगेलने दार लावलं आणि दोन्हींना बॅटरी लावली. उजवा आत गेला. मग मला विचारलं, "बॅटरी लावली होतीस का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "बरं." एवढंच. त्यानंतर मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही.

मी म्हटलं होतं की मी विदिनला जाऊन सांगते. तो म्हणाला, दुकानातून गेलं ते माझं, ठिपका माझा. चार दिवसांत येईल तो, तापट आहे. तू चार दिवसांत आला नाहीस. महिन्यात आला नाहीस. मग पहिल्या मार्चला तुझ्या पाकिटातून वसंताच्या शुभेच्छेचा लाल-पांढरा दोरा आला, एकच, त्यावर 'वहिनीस'. रांगेलने तो माझ्या मनगटाला बांधला. त्यानंतर दर वर्षी आला आणि दर वर्षी त्यानेच बांधला. मी सांगितलं असतं तर तो दोरा येणं बंद झालं असतं. हे एक कारण आहे, आणि दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

तू प्लेव्हेनला जे सांगितलंस ते सगळीकडे गेलं. लोक खिशात बॅटरी घेऊन येऊ लागले. रांगेलने ठिपका दिलेला स्पीकर काउंटरवर ठेवला की त्याच्यासमोरच बॅटरी काढून लावायचे. तो बघत उभा राहायचा. म्हणायचा, तपासा, तपासलेलं बरं. मी आतल्या खोलीत कॉइल भरत असायचे. हे मी दहा वर्षं ऐकलं आणि बाहेर आले नाही.

तू विचारलंस की तो शेवटी काही बोलला का. चुकलं असं तो म्हणाला नाही, कारण त्याचं चुकलं नव्हतं. रुग्णालयात, जायच्या दोन दिवस आधी, त्याने मला विचारलं, "गेंचो आता बॅटरी लावल्याशिवाय काही बसवत नाही ना?" मी म्हटलं, नाही बसवत. मला ठाऊक नव्हतं, तरी म्हटलं. तो झोपला.

तू माझ्याकडून खोटं कधी ऐकलं नाहीस असं लिहिलंस. अकरा वर्षं तेवढंच ऐकत होतास.

त्सोंका


विदिन, ३० जानेवारी २०२०

वहिनी,

मी हे पत्र खूप वेळा लिहिलं आणि फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. मिरच्यांचा वास डोक्यात येतो आणि राग धड होत नाही. माझ्यावर रागवायचाही केला, तो जमला.

मी काय केलं ते तुला पूर्ण माहीत नाही. प्लेव्हेनला मी फक्त तक्रार केली नव्हती. प्रत्येक स्पर्धेत, दर वर्षी, मैदानाच्या फाटकाशी बिअर पीत मी ती गोष्ट रंगवून सांगायचो. भावाने भावाचा आवाज कसा मारला. लोक हसायचे आणि मला बिअर पाजायचे. खिशातल्या बॅटऱ्या मीच वाटल्या असं समज. आणि तो म्हणायचा तपासा, तपासलेलं बरं. हे वाक्य तू लिहायला नको होतंस. क्रेनवर बसलो की ऐकू येतं, ज्या कानाने काहीच येत नाही त्या कानाने.

तू मला सांगितलंस, पण मला एकट्याला सांगून काय उपयोग? मेला तो लबाड म्हणून मेला. ते मैदानातले लोक मी कुठे शोधू, निम्मे जर्मनीला गेले. आणि मी जाऊन सांगितलं तर म्हणतील, मेल्यावर भावाला उमाळा आला. माझ्या तोंडून कोणी ऐकणार नाही. चूक तुझी होती, मोठी मीच केली, पण तोंड तुझं चालेल. कसं ते मला माहीत नाही. तू पुस्तकं वाचतेस, तूच बघ.

त्याचं नाव जसंच्या तसं ठेवून मी त्याचे गहू खायला येऊ शकत नाही. तू काही केलंस तरी येईन असं वचन देत नाही.

खोक्याला हात लावू नको. उजव्याची तार बदलू नको. कधी आलोच तर बॅटरी मी लावीन.

गेंचो


पावलिकेनी, ७ फेब्रुवारी

गेंचो,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते वाचून कोट घातला आणि तशीच छापखान्यात गेले. वर्षाची शोकपत्रकं छापायची होतीच, मजकूर मी आठवडाभर आधी देऊन ठेवला होता: एक वर्ष रांगेलविना, तारीख, चर्चची वेळ. मी त्या मुलीला म्हटलं, खाली आणखी एक मजकूर घाल, आणि कागदावर लिहून दिला.

तिने वाचला आणि म्हणाली, "मावशी, शोकपत्रकावर असं कोणी लिहीत नाही."

मी विचारलं, लिहू नये असा नियम आहे का. ती म्हणाली नियम नाही, पण लोक खांबाशी उभे राहून वाचतील. मी म्हटलं, त्यासाठीच तर खांब आहे.

तिने पट्टीने कागद मोजला, मग फोटो थोडा लहान करावा लागेल म्हणाली. मी म्हटलं, गळ्याचं बटण दिसू दे म्हणजे झालं.

छापलेलं असं आहे: 'सप्टेंबर २००८ मध्ये, प्लेव्हेनच्या स्पर्धेआधी, त्याच्या भावाच्या गाडीतल्या उजव्या दाराच्या स्पीकरवर चुकीच्या जागी लाल ठिपका दिला तो मी. न तपासता दिला. रांगेलने न तपासता ठिपका कधीही दिला नाही. दोष त्याने माझ्यासाठी घेतला आणि मी तो घेऊ दिला. त्सोंका, पत्नी.'

त्याखाली शोकाकुल: पत्नी, भाऊ. तुला न विचारता ठेवलं आहे. मागच्या वेळीही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारीण साखर मागायला आली, कागद टेबलावर वाळत होते. तिने एक उचलून वाचला, परत ठेवला आणि साखर न घेता गेली. एव्हाना गावभर झालं असेल. स्पास येईल की नाही माहीत नाही. दुसऱ्या कोणाचे स्पीकर येतील असं वाटत नाही, आणि आले तर त्यांच्यासमोर बॅटरी लावून देईन.

खोकं वरच्या फळीवर आहे. मी हात लावलेला नाही. त्याच्या शेजारी नवी बॅटरी ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी कोंबड्यांना दाणे टाकले, अंगण झाडलं आणि प्लेव्हेनची बस पकडली. मैदानाच्या फाटकावर दोन कागद लावले आणि समोरच्या बिअरच्या टपरीच्या भिंतीवर, मालकाला विचारून, एक. परत आल्यावर एक दुकानाच्या दाराला लावला, आणि शेवटचा आपल्या बसस्थानकावर, त्याच खांबावर, चार टाचण्यांनी.

त्सोंका